गडवा, जर्मन आणि टायटॅनियम

टायटॅनियम अल्युमिनियमपेक्षा जड असतं. दुकानदार हे सांगत नाहीत, पण शाळेच्या पुस्तकातल्या घनतेच्या तक्त्यात सरळ दिलेलं आहे. पाण्याच्या मानाने अल्युमिनियम २.७ पट, टायटॅनियम ४.५ पट, स्टील ८ पटीच्या जरा आत आणि पितळ साडेआठ पट. मग टायटॅनियमची भांडी सगळ्यांत हलकी म्हणून का विकली जातात? कारण तो धातू इतका चिवट आहे की त्याचा पत्रा कागदासारखा पातळ केला तरी भांडं चेपत नाही. अल्युमिनियमचा तेवढा पातळ पत्रा पिशवीतल्या पिशवीत पोचे येऊन वाकडा होईल.

हे सगळं मला शोधावं लागलं ते आमच्या नातीमुळे. ती पुण्याला नोकरी करते आणि उत्तराखंडात ट्रेकला जाणार आहे. तिने फोनवर विचारलं, "आजी, टायटॅनियमचा मग घेऊ की साधा अल्युमिनियमचा?" मी बी.ए.ला इतिहास घेतला होता आणि जन्मभर शाळेत तोच शिकवला. त्यामुळे मला कोणी भाव विचारला की मी आधी सनावळीकडे जाते. तिला दोन मिनिटांत उत्तर हवं होतं, मिळालं मात्र हे एवढं! वाचकहो, आता तुम्हीही सोसा. :-)

आमच्या घरात माझ्या आजेसासूबाईंचा पितळेचा एक गडवा आहे. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी : गडवा म्हणजे तांब्या, आणि पुढे गंज म्हटलं की पातेलं समजा.) प्रतापनगरच्या आमच्या किराणावाल्याकडे काट्यावर ठेवून पाहिला, ६१२ ग्रॅम भरला. नातीने पाठवलेल्या चित्रातला मग झाकणासकट ११५ ग्रॅमचा आहे, आणि पाणी दोघांत जवळपास सारखंच मावतं. आमच्याकडची अशी पितळेची भांडी बहुतेक भंडाऱ्याहून यायची. नागपूरपासून साठेक किलोमीटरवरचं हे गाव पितळेसाठी इतकं नावाजलेलं की कोणाच्या लग्नाची भांडी घ्यायची म्हटलं की लोक भंडाऱ्याचीच वाट धरत.

मग एवढा जड गडवा घेऊन लोक कोस-कोस चालत कसे? गाडग्याचं वजन कमी आणि किंमत तर त्याहून कमी. पण प्रश्न वजनाचा नव्हताच, विटाळाचा होता. मातीचं भांडं विटाळलं की फोडून टाकायचं. धातूचं मात्र परत शुद्ध करता येतं. याज्ञवल्क्य स्मृतीत कोणता धातू कशाने शुद्ध होतो हेही दिलेलं आहे, तांबं क्षाराने आणि आंबटाने, कांसं राखेने. वाटेत राख कुठेही मिळते, चिंच मिळते. म्हणजे पितळेचा गडवा ही प्रवाशाने बरोबर नेलेली स्वतःची जात होती. आपल्या भांड्यात पाणी घ्यायचं, आपल्या हाताने शिजवायचं, दुसऱ्याच्या ओसरीवर उतरून दुसऱ्याचं काही खायचं नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, लुटले गेले, आणि तरीही परत येताना आई-वडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड घेऊन आले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. आम्हा शिक्षकांना मोह होतो तो त्यातल्या झाशीच्या हकिकतीचा. मी मात्र यावेळी ते पुस्तक काढलं ते कावडीसाठी. पाण्याएवढं जड ओझं दुसरं नाही. त्याला ना धातू हलकं करू शकतो, ना कारागीर.

आणि ज्यांना पाणीच मिळत नसे त्यांचं काय? १९०१ साली सातारकडून वडिलांकडे निघालेली काही मुलं मसूर स्टेशनावर उतरली. त्यांत भीमराव आंबेडकर होते. तिथून बैलगाडीने पुढचा प्रवास. डबे खाण्याने भरलेले होते, पण मुलांची जात कळल्यावर वाटेत कोणी पाणी देईना, आणि भरले डबे शेजारी ठेवून मुलं उपाशी झोपली. बाबासाहेबांनीच हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलं आहे. प्रवासी भांड्यांच्या इतिहासात हा प्रसंग पहिल्या पानावर असायला हवा असं मला वाटतं. बरोबर भांडं आहे, अन्न आहे, वजनही झेपण्यासारखं आहे, पण विहिरीवर त्या भांड्यात पाणी ओतायला कोणी तयार नाही. मी पुष्कळ वर्षं सातवीला महाडचा १९२७ चा सत्याग्रह शिकवला. हा प्रसंग आधी सांगितला की वर्ग एकदम शांत व्हायचा, मग चवदार तळ्याबद्दल फार काही समजावून सांगावं लागत नसे.

या सोवळ्या-ओवळ्याच्या चौकटीत एक धातू असा आला की शास्त्रात त्याचं नावच नाही. अल्युमिनियम. १८८६ साली अमेरिकेत हॉलने आणि फ्रान्समध्ये एरूने, एकमेकांना न सांगता, विजेने तो वेगळा काढायची रीत शोधली. त्याच्या दोनच वर्षं आधी वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर अल्युमिनियमचा सुळका बसवला होता, मौल्यवान म्हणून! आपल्याकडे १८९८ पासून मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अल्युमिनियमची भांडी घडवून घेतली आणि १९०० साली तिथे इंडियन अल्युमिनियम कंपनी उभी राहिली. कल्हई नको, चिंच नको, हलकं आणि स्वस्त. आमच्याकडे त्याला 'जर्मन' म्हणत. जर्मनचा गंज, जर्मनचा डबा. माझ्या माहेरी जर्मनला देवघराजवळ जागा नव्हती, चहाला मात्र चालायचं. गरिबाघरी हा भेद परवडणारा नव्हता, तिथे जर्मन लवकर चुलीवर चढलं.

शाळेत असताना गाईडच्या मुलींना घेऊन मी तीनदा पचमढीला गेले. तिथे स्काउट-गाईडचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, १९५६ पासूनचं. सोळा मुलींत जर्मनचे दोन मोठे गंज. ते कोणी उचलायचे यावरून रोज भांडण. चुलीवर ठेवण्याआधी गंजाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी मातीला धरते आणि धुताना मातीबरोबर निघून जाते. ही युक्ती मुलींना मी शिकवली नाही, एका मुलीच्या आईने शिकवून पाठवली होती.

त्याच पचमढीत नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा भरते. नागपूर, अमरावती, भंडारा, वर्धा इकडची माणसं पिढ्यानपिढ्या जातात. पाऊस, चिखल, दगडधोंडे, चढउतार, आणि सातपुड्याचं घनदाट जंगल. आता तो भाग व्याघ्र प्रकल्पात येतो आणि यात्रेपुरताच उघडतात. विदर्भातलं खरं 'बॅकपॅकिंग' हेच, फक्त पाठीवर सॅकऐवजी गाठोडं. जुनी माणसं या वाटेवर भांडी कमीत कमी नेत. सातूचं पीठ आणि गूळ, पाण्यात कालवलं की झालं. भिजवलेले पोहे. किंवा मुक्कामी कणकेचे पानगे पळसाच्या पानांत ठेवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर. पानग्याला भांडंच लागत नाही! आता वाटेवर मंडळांची अन्नछत्रं असतात, त्यामुळे शिदोरीही लहान झाली. मला यात फार मोठी अक्कल दिसते. भांडं हलकं करण्याच्या आधी त्यांनी जेवण हलकं केलं होतं.

आता टायटॅनियमकडे येते, ज्याने हे सगळं सुरू झालं. १७९१ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर या पाद्रीला काळ्या वाळूत हे नवं द्रव्य सापडलं. १७९५ मध्ये क्लाप्रोटने त्याला ग्रीक पुराणातल्या टायटनांचं नाव दिलं. पण मातीतून धातू सुटा करायची कारखान्यात जमेल अशी रीत यायला १९४० उजाडावं लागलं. ती क्रोलची. मग विमानं आणि पाणबुड्या यांनी तो पळवला. रशियाने तर अख्ख्या पाणबुड्या टायटॅनियमच्या बांधल्या, आणि १९९१ ला सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथले टायटॅनियमचे बर्फातले स्क्रू गिर्यारोहकांच्या हाती स्वस्तात आले.

ही काळी वाळू आपल्याकडे काही कमी नाही. केरळात चवरा, तमिळनाडूत मनवालकुरिची, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही. पण त्या वाळूपासून टायटॅनियम धातू काढण्याचा कारखाना चवऱ्याला सुरू झाला २०११ साली. जपानमध्ये तो धंदा १९५२ पासून आहे. तिथे निगाता प्रांतात त्सुबामे म्हणून गाव आहे, तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्या कारागिरांचं. त्यांचं एक घराणं १८१६ पासून तेच काम करतंय. शेजारच्या सांजो गावातल्या, १९५८ साली सुरू झालेल्या स्नो पीक कंपनीचे टायटॅनियमचे मग आज जगभरचे ट्रेकर वापरतात. त्सुबामे आणि भंडारा, दोन्ही ठोकणाऱ्यांची गावं. स्टील आल्यावर भंडाऱ्याचं पितळ मागे पडलं आणि त्या हातांना पुढचा धातू कोणी दिलाच नाही. माझी नात मग मागवणार तो परदेशातून, तीन-चार हजार मोजून. मला खटकतं ते हे, किंमत नव्हे.

तिला मी सांगितलं ते असं. नुसतं पाणी उकळून चहा, सूप किंवा पोहे भिजवणार असशील तर टायटॅनियम घे, आयुष्यभर टिकेल, गंजणार नाही. भात किंवा खिचडी करणार असशील तर घेऊ नकोस. अल्युमिनियमच्या मानाने त्यातून उष्णता दहा-अकरा पट सावकाश पसरते, म्हणून ज्योतीच्या वर तेवढं जळतं आणि कडेला कच्चं राहतं. खिचडी जर्मनचीच.

तेव्हा ती म्हणाली, "अगं आजी, आम्ही कुठे स्वयंपाक करणार? तो कंपनीचा स्वयंपाकी करतो." चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ काही केल्या शिजत नाही, म्हणून त्या लोकांबरोबर प्रेशर कुकर असतो. मोठे जर्मनचे गंज असतात, गॅसच्या टाक्या असतात, पंधरा-वीस जणांचा शिधा असतो. हे सगळं खेचरावर, आणि जिथे खेचर चढत नाही तिथे माणसाच्या पाठीवर. म्हणजे तिच्या सॅकमध्ये ११५ ग्रॅमचा मग, आणि तिच्या आधी पहाटे निघून पुढचा मुक्काम गाठणाऱ्या कोणाच्या तरी पाठीवर पाच लिटरचा कुकर. तो कुकर नेणाऱ्या माणसाचं नाव विचारून ये, असं मी तिला सांगितलं आहे. ती जून महिन्यात निघते आहे.