अन्न, वस्त्र आणि अर्थशास्त्र : मुंबई विद्यापीठाची एक ज्ञानपरंपरा

ज्या घराण्यांच्या पिढ्या कापूस, धान्य व कापड यांच्या व्यापारात गेल्या, त्यांना अर्थशास्त्र हे केवळ पुस्तकी शास्त्र वाटत नाही. १८७० साली जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला आणि येथील रुईला मुंबई बंदराची वाट सुलभ झाली. त्याच मुंबईतील विद्यापीठात पुढे या व्यवहारांचा शास्त्रशुद्ध विचार करणारा एक विभाग उभा राहिला.

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात १९२१ साली अर्थशास्त्र विभागाचा आरंभ झाला. प्रा. के. टी. शहा व प्रा. सी. एन. वकील हे त्याच्या पहिल्या पिढीतील आचार्य. शहा १९३८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नियोजन समितीचे सचिव व पुढे संविधान सभेचे सदस्य होते. वकिलांनी दीर्घकाळ विभागाची धुरा वाहिली व शिष्यांची मोठी मालिका घडविली.

या विभागाची खरी कसोटी १९५६ साली लागली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांना अग्रस्थान दिले. त्याच वर्षी वकील व प्रा. पी. आर. ब्रह्मानंद यांनी ग्रंथरूपाने वेगळे मत मांडले. नव्याने कामास लागलेला मजूर हाती आलेला पैसा प्रथम धान्य व कापडावर खर्च करतो. त्या वस्तूंचा पुरवठा वाढला नाही, तर महागाई वाढते आणि रोजगारही खुंटतो. म्हणून अन्नवस्त्रास अग्रक्रम हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोणत्याही दुकानदारास पटावे असे हे सूत्र सरकारने तेव्हा स्वीकारले नाही. पोलाद व यंत्रे देशाला हवीच होती. परंतु १९६५ ते १९६७ या काळातील दुष्काळात परदेशी गव्हावर अवलंबून राहावे लागले, तेव्हा त्या इशाऱ्याचे मोल उमगले. राजमान्यता नसतानाही विचार निर्भयपणे मांडणे, हीच या विभागाच्या कीर्तीची पायाभरणी होय.

याच परंपरेतील प्रा. डी. टी. लकडावाला १९७७ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. दारिद्र्याच्या मोजमापासंबंधीचा त्यांच्या तज्ज्ञगटाचा अहवाल १९९३ साली आला.

प्रा. एम. एल. दांतवाला यांचे नाव कापूस उत्पादक जिल्ह्याने विशेष आदराने घ्यावे. कापसाच्या बाजारपेठेचा त्यांनी सखोल अभ्यास केला आणि १९६५ साली ते कृषिमूल्य आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. महात्मा गांधींच्या विश्वस्त-कल्पनेचा मसुदाही मुळात त्यांच्याच लेखणीतून उतरला व गांधीजींनी तो तपासून दिला. धनिकाने संपत्ती समाजाची ठेव मानून सांभाळावी आणि किमान वेतनाप्रमाणेच कमाल उत्पन्नालाही मर्यादा असावी, असा त्याचा आशय आहे. अपरिग्रहाचे संस्कार झालेल्या मनाला हा विचार परका वाटणार नाही.

२०२१ साली या विभागाने शंभर वर्षे पूर्ण केली. विद्यासंस्था असो वा सार्वजनिक न्यास, तिची पत इमारतीवरून ठरत नाही. ठेव कोणाची आहे, याचे भान विश्वस्तांनी किती राखले, यावरच ती ठरते.