पदराची उलट बाजू : प्रस्तावना

जुन्या बायका पैठणी घेताना आधी पदर उलटा करून बघत. हातमागावरच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग स्वतंत्र कांडीने, शेजारच्या धाग्यात गुंतवत विणला जातो. त्यामुळे सुलट बाजूचा मोर उलट बाजूलाही तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे धागे धावताना दिसतात, नाहीतर ते कापून टाकल्याच्या खुणा राहतात. येवल्याच्या दुकानात ही पारख हाताने व्हायची. आज तीच पैठणी नागपूरची किंवा न्यू जर्सीची मुलगी फोनच्या पडद्यावर बघते. तिला पदर उलटता येत नाही. तो दुसऱ्या कोणीतरी तिच्यासाठी उलटून दाखवावा लागतो. पुढची सगळी पाने या एका कामाविषयी आहेत.

प्रश्न साधा आहे. इन्स्टाग्राम किंवा पिंटरेस्टसारख्या, मुख्यतः चित्रांवर चालणाऱ्या समाजमाध्यमांवर छोट्या व्यावसायिकाने वेळ आणि पैसा घालावा का? याची उत्तरे दोन टोकांची मिळतात. एका ताईंना एका रीलवर महिनाभराच्या ऑर्डरी आलेल्या असतात, तर दुसरे गृहस्थ सहा महिने रोज फोटो टाकून थकलेले असतात. दोघांचे अनुभव खरे आहेत. त्या दोन अनुभवांमध्ये जो प्रदेश पसरला आहे त्याची शांतपणे, मराठीत मांडणी व्हावी असे मला फार दिवस वाटत होते.

चित्र दाखवून माल विकणे आपल्याला नवीन नाही, हे वाचकांनी आधी लक्षात घ्यावे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. त्याच्या देवदेवतांच्या चित्रांखाली पुढे दिनदर्शिकांवर साबणापासून निरनिराळ्या मालाची नावे छापली गेली आणि ती घरोघर भिंतींवर गेली. किर्लोस्करवाडीचे उदाहरण तर मला अधिक जवळचे वाटते. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून. पण ती चालवणारे शंकरराव किर्लोस्कर चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते आणि त्यांच्यात संपादकाची दृष्टी होती. नांगरांच्या जाहिरातींशेजारी त्यांनी लोकांना वाचावासा, बघावासा वाटेल असा मजकूर दिला, आणि कारखान्याच्या त्या पत्रिकेचे पुढे मराठीतले एक मोठे मासिक झाले. आज ज्याला ‘कंटेंट’ म्हणतात आणि ज्याचे महागडे वर्ग चालतात, ते काम आजच्या सांगली जिल्ह्यातल्या एका माळावर शंभर वर्षांपूर्वी उत्तम रीतीने होत होते.

नवे आहे ते साधन, आणि त्या साधनाची मालकी. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये फेसबुकने ते १०० कोटी डॉलरला घ्यायचे ठरवले. २०१६ मध्ये फोटो ज्या क्रमाने टाकले त्या क्रमाने दाखवणे त्यांनी सोडले; कोणाला काय आधी दिसावे हे तेव्हापासून यंत्रणा ठरवते. त्याच वर्षी व्यवसायांसाठी वेगळी खाती आली. आपल्याकडे त्याच सुमारास मोबाइल डेटा स्वस्त झाला. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील आणले. टिकटॉकवर ज्यांनी कष्टाने प्रेक्षक जमवले होते, त्यांचे ते गोकुळ एका रात्रीत विस्कटले. म्हणून हा सगळा व्यापार भाड्याच्या गाळ्यातला आहे, हे तुम्ही पहिल्या दिवसापासून मनात धरावे. गाळा चांगल्या पेठेत आहे, वर्दळ भरपूर आहे. पण मालक उद्या दाराची दिशा बदलू शकतो. आपल्या गिऱ्हाइकांची नावे आणि फोन नंबर आपल्या स्वतःच्या वहीत असावेत, हा आग्रह पुढे वारंवार दिसेल तो यामुळेच.

पिंटरेस्टचा स्वभाव वेगळा. तिथे माणूस काहीतरी शोधायला येतो, आणि सापडलेले चित्र पुढच्या प्रसंगासाठी जपून ठेवतो. शिवणकाम करणाऱ्या कोणत्याही ताईंना विचारा: ब्लाउजच्या मागच्या गळ्याचा नमुना फोनमध्ये घेऊनच आता बाया दुकानात येतात. तो नमुना तुमच्याच हातचा असेल तर उत्तमच.

आता पुन्हा येवल्याकडे वळतो, कारण या विषयातल्या बऱ्याचशा गोष्टी तिथे एका जागी दिसतात. पैठणीत ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा असला की कापड हलताना रंग पालटतो. त्याला धूपछाँव म्हणतात. हा पालट स्थिर फोटोत पकडता येत नाही. जांभळा-हिरवा पोत ट्यूबलाइटखाली नुसता करडा दिसतो, आणि साडी घरी पोचल्यावर ‘फोटोतला रंग हा नव्हे’ अशी तक्रार येते. तीच साडी सकाळच्या उजेडात, दाराशी उभे राहून, दहा सेकंद हातावर फिरवून दाखवली तर रीलचे सार्थक होते. मागावर बसलेला विणकर कांडी सरकवतो आहे, बोटभर मोर हळूहळू आकाराला येतो आहे, हे दृश्य किमतीचे समर्थन करते. पंधरा हजारांची साडी आणि दोन हजारांची नक्कल सुलट बाजूच्या फोटोत शेजारीशेजारी सारखीच दिसतात. विणकराचा तोटा नेमका तिथे होतो. त्याने काम दाखवावे आणि उलट बाजू दाखवावी. माझ्या मते या माध्यमाचा छोट्या माणसाला मिळणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे: मोठ्या दुकानाला जे दाखवता येत नाही ते त्याच्याजवळ घरातच असते.

किंमत लपवू नये, असेही मी आग्रहाने सांगेन. ‘किमतीसाठी मेसेज करा’ ही सवय फार पसरली आहे, आणि तिने संकोची गिऱ्हाईक निघून जाते. फोटोखालच्या मजकुरात दिलेला दुवा इन्स्टाग्रामवर दाबून उघडता येत नाही. म्हणून खात्याच्या माथ्यावर व्हॉट्सअॅपची वाट, किंमत आणि माल किती दिवसांत पोचेल हे ठळक हवे. बघणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंतच्या या दोन-चार पावलांत बहुतेक व्यापार सांडतो.

चित्राबरोबर नाव जायला हवे, हे कोल्हापूरने अलीकडे सगळ्या जगाला दाखवले. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्रादाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, कोल्हापूरचे नाव मात्र कुठेही नव्हते. ते फोटो समाजमाध्यमांवर पसरले, लोकांनी चप्पल ओळखली, आवाज उठवला, आणि आपण भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. इथे चित्रामागे नाव लावले ते लोकांनी, कारण ते नाव त्यांच्या ओठांवर पिढ्यान्‌पिढ्या होते. तुमच्या मालाला तेवढे भाग्य लाभलेले नसेल, तर गाव, कारागीर आणि प्रकार यांचा उल्लेख प्रत्येक फोटोबरोबर तुम्हीच करायला हवा. नुसती ‘लेदर चप्पल’ आणि ‘कापशी कोल्हापुरी’ यांत भावाचाही फरक पडतो.

सगळ्यांनी या पेठेत यावे असे मात्र मी म्हणणार नाही. पिठाच्या गिरणीचे गिऱ्हाईक चार गल्ल्यांतले असते. तिला गुगल मॅपवरची नीट नोंद आणि व्हॉट्सअॅपचा एक गट पुरेसा. भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्याला खरेदीदार मिळतो तो मापाच्या अचूकतेवर आणि वेळेवरच्या पुरवठ्यावर. डोळ्यांनी निवड होणाऱ्या वस्तू, म्हणजे कापड, दागिने, केक, रांगोळीची कामे, कोकणातली घरगुती निवासस्थाने, यांना मात्र हे माध्यम मनापासून साथ देते. फराळाचे पदार्थही त्यांतलेच, फक्त एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी करून घ्यावी.

लाभ मोजायचा कसा? लाइकच्या आकड्याने मोजू नये. वहीचे एक पान आखावे आणि येणाऱ्या प्रत्येक फोनला ‘आमच्याविषयी कुठे बघितलेत?’ हे विचारून टिपून ठेवावे. फोटो काढण्यात आणि उत्तरे देण्यात गेलेले स्वतःचे तासही लिहावेत. घरच्या बाईच्या वेळेला शून्य भाव लावून काढलेला नफा खोटा असतो. तीन महिन्यांनी हे पान तुम्हाला माझ्यापेक्षा खरे उत्तर देईल.

वाचकांनी हे पुस्तक सलग वाचलेच पाहिजे असे नाही. आपल्या धंद्याचे प्रकरण आधी उघडावे. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या मालाची उलट बाजू कोणती ते ठरवा. केकची ती कापलेल्या तुकड्यात दिसेल, निवासस्थानाची न्हाणीघरात आणि रस्त्याच्या शेवटच्या वळणावर, चपलेची तळव्याच्या शिलाईत. तिचा एक फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा. पहिल्याच प्रकरणात तो लागणार आहे.