वर्गणीतून उगवलेली ज्वारी

मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना १९७२च्या दुष्काळाविषयी विचारले, तर खडी फोडण्याची कामे आणि सुकडी यांच्याबरोबर ‘मिलो’चा उल्लेख हमखास होतो. ही लाल ज्वारी अमेरिकेतून आली होती. तिने त्या वेळची भूक भागवली. पण पुढे आपल्या रानात काय पेरायचे, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

त्याच वर्षी वेगळ्या प्रकारच्या मदतीची सुरुवात झाली. १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा अशा कोरडवाहू पिकांवर काम करणारी ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्थाही याच वर्षी उभी राहिली. परभणीच्या विद्यापीठाचा खर्च सरकार करणार हे उघड होते. पण जी संस्था कोणत्याही एका देशाची नाही, तिचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात धरायचा?

कर की वर्गणी?

अनेक देशांनी मिळून एखादे काम करायचे, तर पैसा गोळा करण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. गावात घरपट्टी असते आणि जत्रेची वर्गणीही असते. घरपट्टी ठरलेल्या दराने भरावीच लागते. वर्गणी ज्याने त्याने मनाला येईल तेवढी द्यायची.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ही पहिल्या पद्धतीने चालते. प्रत्येक सदस्य देशाच्या आर्थिक ताकदीनुसार त्याचा वाटा ठरतो आणि दर दोन वर्षांचे अंदाजपत्रक सर्व सदस्यांच्या परिषदेत मंजूर होते. कृषिसंशोधनासाठी मात्र वर्गणीचा मार्ग निवडला गेला. फिलिपीन्समधील भातसंशोधन संस्था आणि मेक्सिकोतील गहू-मका संस्था यांचा भार सुरुवातीला प्रामुख्याने फोर्ड आणि रॉकफेलर या दोन अमेरिकी प्रतिष्ठानांनी उचलला होता. साठीचे दशक संपता संपता तो त्यांना पेलेनासा झाला. १९६९ मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे मदत देणाऱ्या संस्थांचे प्रमुख एकत्र बसले. त्यातून १९७१ मध्ये ‘सीजीआयएआर’ हा सल्लागार गट जन्माला आला. जागतिक बँकेने त्यात पुढाकार घेतला होता.

हा गट मोठा चमत्कारिक होता. त्याला लेखी घटना नव्हती, मतदान नव्हते. दरवर्षी वॉशिंग्टनला बैठक भरे, संस्था आपापल्या कामाचा हिशेब मांडत आणि प्रत्येक देणगीदार कोणाला किती देणार हे स्वतः ठरवी. कमी पडेल ते बऱ्याच अंशी जागतिक बँक भरून काढी. इक्रिसॅट ही या गटाने नव्याने उभ्या केलेल्या पहिल्या संस्थांपैकी एक. यजमान म्हणून भारताने सुमारे १,४०० हेक्टर जमीन दिली. पुढे आपला देश पैशाच्या रूपानेही वर्गणीदार झाला.

तीन वर्षांचा पैसा, दहा वर्षांची ज्वारी

या व्यवस्थेत सुरुवातीला बराचसा पैसा ‘मुक्त’ असे. तो कशावर खर्च करायचा हे संस्था ठरवी. हळूहळू देणगीदार विशिष्ट प्रकल्पासाठीच पैसा देऊ लागले. १९९२ मध्ये असा ‘बांधलेला’ पैसा एकूण निधीच्या सुमारे एक तृतीयांश होता. २००१ पर्यंत तो निम्म्याच्या वर गेला.

यात बिघडले काय? उत्तर ज्वारीच्या चरित्रातच आहे. दोन वाणांचा संकर केला, की पुढच्या पिढ्यांत गुणांची सरमिसळ होते. हवे ते गुण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या निवड करावी लागते. मग निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या पावसात किमान दोन-तीन वर्षे चाचण्या. सारे मिळून आठ-दहा वर्षे सहज जातात. प्रकल्पाचा पैसा मात्र बहुधा तीन ते पाच वर्षांचा असतो.

बांधलेला पैसा वाईटच असतो, असे मात्र नाही. २००३ मध्ये गेट्स प्रतिष्ठानाच्या २.५ कोटी डॉलरच्या देणगीने पिकांतच लोह व जस्त वाढवण्याच्या कार्यक्रमाला बळ मिळाले आणि पुढे ज्वारीही त्यात आली. २०१८ मध्ये इक्रिसॅट व परभणीचे विद्यापीठ यांनी ‘परभणी शक्ती’ हा वाण प्रसारित केला. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह व २० मिलिग्रॅम जस्त असते. यात ते अनुक्रमे सुमारे ४५ व ३२ मिलिग्रॅम आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे लक्षात घेतले म्हणजे भाकरीतल्या या वाढीव मिलिग्रॅमचे मोल कळते.

पण हा वाण एकट्या वर्गणीतून आलेला नाही. परभणीला हैदराबाद संस्थानच्या काळापासून प्रायोगिक शेती होती. ज्वारीच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात कृषी विद्यापीठांच्या केंद्रांचा खर्च केंद्र आणि राज्य ७५:२५ या प्रमाणात उचलतात. म्हणजे बाहेरचा पैसा रुजायला आपल्या करातून राखलेली जमीन आधीपासून तयार होती.

व्याजावर जपलेले बी

वर्गणीचा धोका २०२५ मध्ये ठळकपणे दिसला. अमेरिकेने आपली ‘यूएसएड’ ही मदतसंस्था बंद केली आणि जगभरातले अनेक कृषिसंशोधन प्रकल्प मध्येच थांबले. उभ्या पिकाची चाचणी एक हंगाम थांबली, तर मागची काही वर्षे वाया जाऊ शकतात. जनुकपेढीचे तर त्याहून कठीण. पाटनचेरूच्या शीतकक्षांत ज्वारीचे ४० हजारांहून अधिक नमुने आहेत. ते ठरावीक काळाने पेरून ताजे करावे लागतात. त्यांना ‘यंदा निधी नाही’ असे सांगता येत नाही.

यासाठी २००४ मध्ये तिसरी पद्धत पुढे आली. ‘क्रॉप ट्रस्ट’ या संस्थेने कायम ठेव उभारायला सुरुवात केली. मुद्दल शाबूत ठेवायचे आणि उत्पन्नातून जनुकपेढ्यांना दरवर्षी पैसा द्यायचा.

कर, वर्गणी आणि ठेव या तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत. नव्या कल्पनेला वर्गणी पटकन मिळते, नित्याच्या कामाला कर लागतो आणि जे कधीच थांबू नये त्याला ठेव. कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे ओळखून पैशाची पद्धत निवडणे, हे सहकार्याचे खरे अंदाजपत्रक.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. गावची नळयोजना, जत्रा आणि शाळेचे ग्रंथालय यांचा खर्च कसा भागतो, याची माहिती मुलांना गोळा करू द्यावी. एक वर्ष पैसा आला नाही तर यांपैकी काय चालेल, काय बंद पडेल आणि काय पुन्हा उभेच राहणार नाही, हे त्यांनाच शोधू द्यावे.