झॉलबुक रिकामं झालं तेव्हा

1938 साली लुशाई हिल्सचे, म्हणजे आजच्या मिझोरामचे, इंग्रज सुपरिंटेंडंट ए. जी. मॅकॉल यांनी लोकांशी सल्लामसलत करून एक निर्णय घेतला: गावोगावची झॉलबुकं यापुढे ठेवायची नाहीत. त्यांच्या आधीचे सुपरिंटेंडंट एन. ई. पॅरी यांचं मत नेमकं उलट होतं. 1920 च्या दशकात त्यांनी प्रत्येक गावात झॉलबुक असलंच पाहिजे, असा आग्रह धरला होता. पण जी गोष्ट मुलांच्या मनातूनच उतरली, ती साहेबाच्या आग्रहानं कशी टिकणार? मॅकॉल यांनी फक्त मृत्यूचा दाखला लिहिला. प्राण आधीच गेला होता, आणि त्यात मोठा वाटा वेल्सहून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनचा होता.

झॉलबुक म्हणजे मिझो गावातल्या अविवाहित तरुणांचं सामायिक निवासघर. गडचिरोली-बस्तरकडचं गोटूल ज्यांना माहीत आहे, त्यांना कल्पना येईल. फरक एवढाच की मुरियांच्या गोटुलात मुली असत, इथे बायकांना मज्जाव. मुखियाच्या घराजवळ लाकूड, बांबू आणि गवताची मोठी वास्तू, मध्ये चूल, भोवती झोपायच्या फळ्या. जळणाची जबाबदारी लहान मुलांची. रोज लाकडाच्या मोळ्या आणून टाकायच्या, चुकलं की शिक्षा. वयात आलेला मुलगा या लाकूडकामातून सुटे आणि रात्री तिथेच झोपायला लागे. तिथे कुस्त्या चालत, शिकारीच्या गप्पा रंगत, परगावचा पाहुणा मुक्काम करी. वाघ आला, आग लागली, कुणी जंगलात हरवलं की हाक झॉलबुकला. दुसऱ्या गावात कुणी मेलं तर प्रेत खांद्यावरून आणणं आणि खड्डा खणणं, हीही झॉलबुकचीच कामं. या पोरांवर नजर ठेवणारा अनुभवी तरुण म्हणजे वाल उपा. त्याच्या शब्दाला किंमत असे.

या सगळ्याच्या मुळाशी मिझो जिला त्लॉमङाइहना म्हणतात ती वृत्ती होती. अडचणीत असलेल्यासाठी न सांगता पुढे व्हायचं, कष्टाचं काम स्वतःकडे ओढून घ्यायचं आणि त्याचा उच्चारही करायचा नाही. या बाबतीत जो तरुण सगळ्यांत वरचढ ठरे, त्याचा सन्मान तांदळाच्या दारूचा, म्हणजे झूचा, पहिला पेला देऊन होई. पुढे हा पेलाच वादात सापडला.

11 जानेवारी 1894 रोजी जे. एच. लोरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅविज हे दोन इंग्रज तरुण होडीनं सायरंगला पोचले. मिझोराममध्ये आजही हा दिवस मिशनरी दिन म्हणून सुट्टीचा असतो. त्यांचा खर्च करणारे रॉबर्ट आर्थिंग्टन हे लीड्सचे गृहस्थ. क्रिकेटमुळे आपल्याला ओळखीचं असलेल्या हेडिंग्लीत ते राहत, आणि स्वतःवर पैसा खर्च करत नसल्यानं ‘हेडिंग्लीचा कंजूष’ म्हणून प्रसिद्ध होते. लोरेन-सॅविज यांनी रोमन लिपीत मिझो वर्णमाला बसवली, शाळा काढली, शुभवर्तमानाची भाषांतरं सुरू केली आणि 1897 च्या अखेरीस ते तिथून निघाले. त्यांच्या जागी वेल्सच्या मिशनचे डी. ई. जोन्स 1897 मध्ये आणि एडविन रोलंड्स 1898 च्या शेवटी आले. महाराष्ट्रात प्रेस्बिटेरियन म्हटलं की मिरजेचं वानलेस हॉस्पिटल आठवतं. ते अमेरिकन मिशनचं काम, लुशाई डोंगरांतलं वेल्शांचं. पंथ एक, घराणी वेगळी. लोरेन आणि सॅविज 1903 मध्ये परत आले, पण ते दक्षिणेत बाप्टिस्ट कामासाठी. त्यामुळे उत्तर मिझोराम मुख्यतः प्रेस्बिटेरियन आणि दक्षिण बाप्टिस्ट, अशी विभागणी पडली.

प्रेस्बिटेरियन पंथात बिशप नसतो. मंडळीनं निवडलेले वडीलधारे कारभार पाहतात, त्यांच्यावर प्रेस्बिटरी आणि तिच्यावर सिनड. मिझोंनी या वडीलधाऱ्यांना उपा म्हटलं. डोंगरात पाळक थोडे आणि मंडळ्या पुष्कळ. पहिले मिझो पाळक छुआखामा यांना दीक्षा मिळाली ती 1913 मध्ये. एकेका पाळकाकडे अनेक गावं असत, तो महिन्यातून कधीतरी यायचा. बाकीचे दिवस प्रार्थना, शाळा, वर्गणी, भांडणं, सगळं उपा आणि सामान्य माणसंच सांभाळत. चर्च गावात इतकं मुरलं त्याचं कारण धर्मोपदेशापेक्षा या व्यवस्थेत जास्त आहे.

पैशाची सोय तर स्वयंपाकघरातूनच झाली. 1910 मध्ये बुहफाय थाम सुरू झालं. भात शिजवताना गृहिणी मापलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकते. सकाळच्या जेवणाला एक मूठ, संध्याकाळच्या जेवणाला एक मूठ. आठवड्यानं मंडळीच्या बायका घरोघर जाऊन हा तांदूळ गोळा करतात, मापतात, विकतात आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड ज्यांनी ऐकला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते चिकाटीचं. दोन वर्षांत, 1911-12 मध्ये, बांबूला फुलोरा आला. मिझो डोंगरातला हा बांबू साधारण 48 वर्षांनी एकदम फुलतो, फळांवर उंदीर माजतात आणि मग शेतातलं पीक फस्त करतात. त्या मौताम दुष्काळातही मुठीची प्रथा मोडली नाही. आज तिच्यातून दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात. ज्यांच्या हातून मूठ निघते त्या बायकांना मात्र विसाव्या शतकभर या चर्चनं ना पाळकपदाची दीक्षा दिली, ना उपा केलं. या चर्चच्या इतिहासातली ही ठसठसणारी जागा आहे, आणि गौरवग्रंथांत ती सहसा चटकन ओलांडली जाते.

झॉलबुक कसं ओसरलं? कुणी मशाली घेऊन ते जाळलं नाही. इंग्रज राज्य आल्यावर गावांवरच्या धाडी थांबल्या, त्यामुळे रात्री तरुणांची फौज एकत्र ठेवण्याची निकड राहिली नाही. शाळकरी मुलाला संध्याकाळी पुस्तक उघडायचं होतं, आणि कुस्त्यांच्या गोंगाटात ते जमणार कसं? ख्रिस्ती झालेल्या आईबापांना मुलगा घरच्या प्रार्थनेला हवा होता. चर्चनं झू निषिद्ध केली तसा तो मानाचा पेलाही गेला. पेला गेल्यावर प्रश्न आला की चांगल्या पोराचं कौतुक आता करायचं कशानं? मिशनऱ्यांकडे याचं उत्तर बरीच वर्षं नव्हतं.

गाण्यातही अशीच ओढाताण झाली. वेल्श लोक गाणारे. त्यांनी टॉनिक सोल्फाची अक्षरलिपी आणली आणि चार आवाजांच्या मेळात स्तोत्रं बसवायला शिकवलं. खुआंग हा मिझो ढोल चर्चच्या बाहेर राहिला, कारण तो मेजवानी आणि झूशी जोडलेला होता. 1904 मध्ये वेल्समध्ये धार्मिक जागृतीची लाट उठली, ती खासी टेकड्यांमार्गे 1906 मध्ये ऐझॉलला पोचली. त्यानंतर 1908 मध्ये पुमा झाय नावाच्या गाण्यांचं वारं सुटलं, आणि ख्रिस्ती नसलेली अख्खी गावं ती गात नाचू लागली. नव्या धर्माला दिलेलं हे जुन्या सुरांचं उत्तरच होतं. 1919 च्या जागृतीनंतर मात्र गणित बदललं. ढोल चर्चमध्ये शिरला, लोक ठेक्यावर डोलू लागले, पाटेया आणि कामलालासारख्या मिझो कवींनी स्वतःच्या चालीची गीतं रचली. ढोलाभोवती जमून संथ लयीत तासन्‌तास गायचा लेंगखॉमचा प्रकार इथूनच रुजला. वेल्श कानाला तो परका होता, पण मिझो गळ्यात तो बसला. बंदीनं जे साधलं नाही ते ढोल आत घेतल्यावर साधलं, असं म्हणायला हरकत नाही.

तरुणांच्या बाबतीतही हेच झालं, फक्त थोडं उशिरा. 1934 मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळीत क्रिस्तियान थलाई पॉल, म्हणजे ख्रिस्ती तरुण संघ, उभा राहिला. सगळे त्याला केटीपी म्हणतात. पुढच्याच वर्षी, 15 जून 1935 रोजी, यंग लुशाई असोसिएशनची स्थापना झाली. तिच्यासाठीची बैठक केटी ह्यूज या मिशनरी बाईंच्या घरी झाली होती. मिझो त्यांना पी झाइई म्हणत. ‘पी’ हे वडीलधाऱ्या बाईचं आदराचं संबोधन. नावाची कल्पना डेव्हिड एडवर्ड्स या मिशनऱ्यांची, वेल्समधल्या तरुण संघटनेवरून घेतलेली. 1947 मध्ये तिचं नाव यंग मिझो असोसिएशन, म्हणजे वायएमए, झालं. रिकामा वेळ चांगला घालवणं, मिझो समाजाची प्रगती आणि ख्रिस्ती जीवनमूल्यांचा आदर, अशी तिची तीन उद्दिष्टं.

तारखा पाहा. 1934, 1935, आणि मग 1938 ला झॉलबुकचा शेवट. मिशननं तरुणांचं घर रिकामं केलं आणि मग त्याच घराच्या नकाशावर दुसरं बांधायला घेतलं. केटीपी चर्चच्या आतली: आठवड्यातली एक संध्याकाळ तिची, त्यात प्रार्थना, बायबलचा अभ्यास, गायन, कुणा तरुणाचं भाषण. वायएमए चर्चच्या बाहेरची आणि सर्व पंथांना खुली. सदस्य मात्र बहुतेक तेच. आज संध्याकाळी केटीपीच्या गायनवृंदात असलेला मुलगा उद्या सकाळी वायएमएच्या ह्नात्लांगला, म्हणजे सामूहिक श्रमदानाला, कुदळ घेऊन हजर असतो. दोन्हीकडे मुली आहेत, आणि झॉलबुकशी तुलना करताना हा फरक लहान मानता येणार नाही.

हा वारसा कुठे चालू आहे ते वेंगमध्ये, म्हणजे वस्तीत, कुणी वारलं की दिसतं. वस्तीच्या लाउडस्पीकरवरून नाव सांगितलं जातं. थोड्या वेळात तरुण मुलं त्या घरी गोळा होतात. बाकं येतात, पाणी भरलं जातं, चहाचं आधण चढतं. घरच्यांना निरोपानिरोपी करत बसावं लागत नाही. काहीजण दफनभूमीत खड्डा खणायला जातात. डोंगरउतारावर, खडकाळ जमिनीत, पावसाळ्यात हे काम कसं असतं हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. रात्री खुआंग येतो, लेंगखॉम सुरू होतं, घरच्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून तरुण उशिरापर्यंत गात बसतात, आणि पुढच्या काही संध्याकाळीही येत राहतात. मजुरी कुणी मागत नाही आणि दिली तर घेत नाही.

1966 नंतरच्या वीस वर्षांत या जाळ्याची कसोटी लागली. 1958-59 च्या सुमारास पुन्हा बांबू फुलला, पुन्हा दुष्काळ पडला. मदतकार्यासाठी निघालेल्या मिझो नॅशनल फॅमिन फ्रंटचं 1961 मध्ये मिझो नॅशनल फ्रंटमध्ये रूपांतर झालं आणि 1 मार्च 1966 रोजी तिनं स्वातंत्र्य पुकारलं. त्याच महिन्यात भारतीय हवाई दलानं ऐझॉलवर बॉम्ब टाकले. 1967 पासून सुमारे पाचशे गावं उठवून शंभरेक केंद्रांत कोंबण्यात आली. घरं जाळली गेली, संध्याकाळनंतर संचारबंदी. वेल्श मिशनरीही 1968 पर्यंत निघून गेले. गावंच विस्कटली तरी मंडळ्या विस्कटल्या नाहीत, कारण त्या पाळकावर आणि परदेशी पैशावर चालतच नव्हत्या. मूठभर तांदूळ नव्या छावणीतल्या चुलीशीही काढता येतो. दोन्ही बाजूंशी बोलणी करायला चर्चचे पुढारी मधे पडले. रेव्हरंड झाइरेमा त्यांत होते. 30 जून 1986 ला करार झाला आणि 20 फेब्रुवारी 1987 ला मिझोराम राज्य बनलं.

इतकी घट्ट वीण असली की ती काचतेही. कोण प्रार्थनेला येत नाही, कोणाच्या घरी दारू आहे, याची वस्तीला खबर असते. 1997 मध्ये अमलात आलेल्या दारूबंदीच्या मागे चर्चचं वजन होतं, आणि पहारा देणारे पुष्कळदा वायएमएचे तरुण असत. चर्चला न जाणारा पण खड्डा खणायला सगळ्यांत आधी पोचणारा मुलगाही प्रत्येक वस्तीत असतो. मिझो लोक त्याला नावं ठेवताना जरा अडखळतात, कारण त्लॉमङाइहनेच्या जुन्या मापानं तो अव्वल ठरतो आणि नव्या मापानं नापास.

2020 मध्ये करोनाची साथ आली तेव्हा मिझोराममध्ये वस्तीवार कृती दलं उभी राहिली. त्यांत ग्राम परिषद, वायएमए आणि चर्चचे लोक होते. नाक्यावर रात्रीचा पहारा, बाहेरून आलेल्यांच्या विलगीकरणाची सोय, बंद घरांत भाजी आणि तांदूळ पोचवणं, ही कामं त्यांनी वाटून घेतली. चर्चची दारं महिनोन्‌महिने बंद होती, पण त्यातले तरुण बहुतेक रात्री नाक्यावरच असत.