कुरळ्या केसांचा गुंता आणि जटेची भीती

मेहरूणहून तुमची बचत गटाची ताई बोलतेय. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे कुरळे केस. गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता नि बियाण्याचा भाव सोडून हे काय, असंही वाटेल. पण या केसांच्या गुंत्यात आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलींचं अख्खं आयुष्य अडकलं. म्हणून आज त्याची गोष्ट.

सुरुवात जवळूनच करू. जळगावहून अजिंठ्याची लेणी साधारण ६० किलोमीटरवर. तिथली बरीचशी चित्रं पाचव्या शतकातली, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची. १७ नंबरच्या लेण्यात आरशात बघून नटणारी एक राजकन्या आहे, शेजारी तिच्या दासी. या लेण्यांतल्या बायांच्या कपाळावर, मानेवर कुरळ्या बटा आहेत, त्यांत फुलं नि दागिने माळलेत. बुद्धाच्या मूर्तीच्या डोक्यावरही बारीक बारीक कुरळेच केस कोरलेले असतात. म्हणजे कुरळे केस अवलक्षणी, हे काही आपलं जुनं मत नव्हे.

मग या केसांचा त्रास का होतो? केस कातडीतल्या ज्या बारीक नळीतून उगवतो, ती गोल असली की केस सरळ येतो, चपटी असली की वळत वळत येतो. डोक्याच्या कातडीतून सुटणारं तेल सरळ केसावरून खालपर्यंत उतरतं. कुरळ्या केसाच्या वळणांत ते वरच अडतं आणि टोकं कोरडी राहतात. केसावर घराच्या कौलांसारखे बारीक खवले एकावर एक बसलेले असतात. केस कोरडा पडला की ते उचकटतात आणि एका केसात दुसरा अडकतो. पावसाळ्यात हवेतलं पाणी शोषून केस फुगतो नि पिंजारतो. आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात, बोअरचं पाणी जड, त्यात अंगाचाच साबण डोक्याला लावला तर त्याचा पांढरा साका केसांवर बसतो. वर कापूस वेचताना उडणारी धूळ. पिंजारणार नाहीत तर काय!

आता नीट ऐका. प्रत्येकीचे रोज ५० ते १०० केस गळतात, ते साहजिक आहे. विंचरलं की ते फणीत येतात. विंचरलं नाही तर ते तिथंच अडकतात, त्यात धूळ, तेल, घाम बसतो आणि गाठ वळते. सुरुवातीला ती बोराएवढी असते, पुढं तिचा दोर होतो. आजारपण, बाळंतपण, शेतातली घाई, पाण्याची टंचाई, कशानंही विंचरायचं राहून जातं. या गाठीलाच आपण जट म्हणतो.

पण आपल्याकडे जट दिसली की तेलाची बाटली आणायच्या आधी देवऋषी गाठला जायचा. देवीनं खूण केली, कापाल तर घरावर कोप होईल, असं तो सांगायचा. दक्षिण महाराष्ट्रात नि कर्नाटकात ही खूण सौंदत्तीच्या यल्लमाची मानली जाई. कोवळ्या पोरीच्या डोक्यात जट आली म्हणून तिला देवीला सोडत. ती देवदासी व्हायची. तिचं लग्न नाही, संसार नाही. जी गाठ कंगव्यानं सुटली असती, तिनं पोरीचा जन्म बांधून टाकला.

ही भीती फक्त आपल्याच मुलखात होती असं नाही. युरोपातल्या पोलंड देशात अशाच जटा असायच्या. तिथले लोकही म्हणत, कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल. एकोणिसाव्या शतकात क्राकूव शहरातले डॉक्टर युझेफ दीत्ल यांनी लोकांना समजावलं की हा न धुतल्या-विंचरल्याचा गुंता आहे. हळूहळू तिथून जट गेली.

आपल्याकडे त्याच शतकात केसांवरून दुसरा जुलूम चालू होता. नवरा वारला की काही जातींत बाईचं डोकं जबरदस्तीनं भादरत. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी बांधव जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. बघा बायांनो, एकीला केस ठेवायची मुभा नव्हती आणि दुसरीला कापायची. डोकं तिचं, हुकूम दुसऱ्याचा.

देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये कायदा झाला, कर्नाटकात १९८२ मध्ये. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिचे कार्यकर्ते आजही घरोघर जाऊन जटा सोडवतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी कितीतरी बायांच्या जटा स्वतःच्या हातानं कापल्या आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. पण कायदा काही कंगवा घेऊन घरात येत नाही. ते काम आपलं.

जट वागवणाऱ्या बाईचे हाल फार. मान दुखते, कुशीवर झोपता येत नाही, उवा होतात, वास येतो, खाली जखम झाली तरी दिसत नाही. तिला हसू नका. तिच्या मनात देवीची भीती आहे, ती एका दिवसात जाणार नाही. जट कापलेल्या एखाद्या बाईशी तिची गाठ घालून द्या. कापल्यावर काही वाईट झालं नाही, हे तिच्याच तोंडून ऐकलं की धीर येतो. आणि कात्री लावायची ती तिनं हो म्हटल्यावरच.

आता घरची निगा. कुरळे केस कोरडे असताना बारीक फणीनं ओढू नका. आधी खोबरेल लावा किंवा केस ओलसर करा, मग मोठ्या दात्यांच्या कंगव्यानं टोकाकडून सुरुवात करून वर वर जा. खोबरेल तेल केसाच्या आत मुरतं आणि केसाची झीज कमी करतं, हे मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये छापलं. कंपनी तेल विकणारी, हे ध्यानात ठेवा. पण आपल्या आज्या तेच करत होत्या. शाम्पूलाही नाक मुरडू नका. तो शब्द आपल्याच देशातल्या ‘चांपना’ म्हणजे चेपणं, यावरून इंग्रजीत गेला. शिकेकाई असो की शाम्पू, मुळांना लावा, टोकांना घासू नका. न्हाल्यावर टॉवेलनं खसाखसा न पुसता जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं टिपून घ्या. रात्री सैल वेणी घाला.

गाठ छोटी असेल तर भरपूर तेल लावून बोटांनी एकेक केस मोकळा करा, त्याला दोन दिवस लागले तरी चालतील. जुनी, घट्ट झालेली असेल तर कापणंच बरं. खाली जखम असेल तर आधी आरोग्य केंद्रात दाखवा.

पुढच्या बैठकीला येताना एक काम करा. आपल्या गल्लीत कुणा पोरीच्या डोक्यात गाठ दिसली तर तिच्या आईशी हळूच, एकटीला गाठून बोला. सोबत खोबरेलची बाटली आणि मोठ्या दात्यांचा कंगवा न्या. आई घाबरली तर तिला अजिंठ्याच्या त्या राजकन्येबद्दल सांगा, आणि पोरीला मांडीशी घेऊन विंचरायला बसा.