घाट उतरून आलेला ट्रॅक्टर

गेल्या महिन्यात भंगारवाला दारात आला. पडवीत उभ्या असलेल्या आमच्या जुन्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवून त्याने किलोवर भाव सांगितला. मुलगा म्हणाला, "बाबा, देऊन टाकू या. जागा तरी मोकळी होईल." मी काही बोललो नाही. शहापूर तालुक्यात तीसएक वर्षे मी इतिहास शिकवला. पानिपत शिकवले, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. आमच्या पडवीतला हा इतिहास मात्र मुलांना कधी सांगितला नाही. तो आज सांगतो.

हा ट्रॅक्टर बी-२७५, ३५ अश्वशक्तीचा. मूळ आराखडा इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीचा. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्यात तो बनत असे. १९६३ साली या कंपनीने महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि हे ट्रॅक्टर मुंबईत कांदिवलीला तयार होऊ लागले. १९७७ साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली.

गंमत अशी, की कांदिवली मुरबाडहून शंभर किलोमीटरच्या आत. पण तिथला ट्रॅक्टर आमच्याकडे सरळ आला नाही. आमच्या गावची शेती पावसावरच्या भाताची. लहान खाचरे, मध्ये बांध, वर्षाला एक पीक. नव्या ट्रॅक्टरचे कर्ज त्यातून कसे फिटणार? आमचा ट्रॅक्टर आधी जुन्नरकडे ऊस-कांद्याच्या रानात राबला आणि १९७९ साली, उमेद सरल्यावर, माळशेज घाटाने खाली मुरबाडात उतरला. मी मडगार्डवर बसलो होतो. विकणाऱ्याने बजावले होते, "उतारावर न्यूट्रल करू नका, खालच्या गियरमध्येच येऊ द्या." त्या सबंध घाटात वडील एक शब्द बोलले नाहीत.

कारण त्याच वर्षी, पौषी पौर्णिमेला भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेत, त्यांनी आमची बैलजोडी विकली होती. म्हशाचा बैलबाजार आमच्या भागात सर्वांना ठाऊक. वडील घरी आले, कासरा खुंटीला अडकवला आणि न जेवता झोपले.

आणि खरे सांगायचे, तर ज्या नांगरणीसाठी बैल विकले तिथे ट्रॅक्टर फारसा चाललाच नाही. लहान खाचरात तो वळत नसे, वळवला तर बांध फुटे. चिखलणीला शेजाऱ्याचे बैल मागून आणावे लागत, ते वडिलांना फार लागे. ट्रॅक्टरने घर चालवले ते ट्रॉली ओढून: विटा, भाताची पोती, मुंबईच्या तबेल्यांना जाणारे गवत वखारीपर्यंत.

जुना घेतला म्हणजे बिघाडही बरोबर घेतला. डिझेल संपले की नळ्यांत हवा शिरे. मग फिल्टरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबले की बोल्ट आवळायचा. इंजिन जुन्या घडणीचे; डिझेल सरळ पिस्टनवर न पडता बाजूच्या छोट्या पोकळीत फवारले जाते. म्हणून थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय ते दाद देत नाही. पुढे कंपनीने २७५ हा आकडा कायम ठेवला, पण आतले इंजिन बदलले. त्यामुळे दुकानातला '२७५'चा प्रत्येक भाग याला बसत नाही. कुठे एखादा बी-२७५ मोडीत निघाल्याचे कळले, की मी शाळा सुटल्यावर एस.टी. पकडून तिकडे जाई. पिशवीत तपासायच्या वह्या, परतताना त्यांवर ग्रीसचे डाग. मुले हसत.

यंत्र कांदिवलीत घडले, पहिली कमाई घाटावर झाली. आमच्या वाट्याला आले ते त्याला चालू ठेवणे. तेवढे आम्ही नीट केले, असे मला वाटते. मोठ्या इतिहासात याची नोंद होत नाही.

परवा नातू आला होता. त्याच्याकडून हवा काढून घेतली. तिसऱ्या खेपेला इंजिनाने काळा धूर सोडला आणि धडधडू लागले. मुलगा बाहेर येऊन बघत उभा राहिला. भंगारवाल्याचे नाव त्याने काढले नाही, मीही नाही.

पुढचे त्याने ठरवावे. मी असेपर्यंत मात्र वडिलांनी जोडी विकून आणलेली वस्तू किलोवर जाणार नाही. कासरा अजून त्याच खुंटीला आहे.