गायतोंडेंचं चित्र आणि 'कशावरून?' हा प्रश्न

अमूर्त तैलचित्रासमोर उभं राहिलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'यात खूप वेदना आहे.' असं वाटण्यात चूक काहीच नाही. पण तेच वाक्य शोधप्रबंधात लिहिलं की मार्गदर्शक विचारणार, 'कशावरून?'

राजापेठच्या अभ्यासिकांत पेट-नेटची तयारी करणाऱ्या मित्रांनो, मी विज्ञानाचा विद्यार्थी, तरी यासाठी एका चित्रकाराचं उदाहरण देतो. वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४, आपल्या शेजारच्या नागपुरात. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका. सुरुवातीच्या चित्रांत माणसं, आकृत्या होत्या. पुढे त्या विरघळत गेल्या आणि रंग उरला. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. आपल्या कामाला 'अमूर्त' म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेलं.

आता वहीत तीन रकाने आखा.

पहिला, काय दिसतं? रंगाचे पातळ थर, मध्येच उमटलेल्या खुणा, खालून झिरपल्यासारखा उजेड.

दुसरा, ते कसं घडलं असेल? गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. रंग चढवायचा, काही ठिकाणी काढायचा, पुन्हा चढवायचा. म्हणजे कॅनव्हासवरचा थर हा केलेल्या कामाचा पुरावा आहे, जसा खडकाचा थर भूगर्भशास्त्रात.

तिसरा, मला काय वाटलं? शांतता, उदासी, जे असेल ते. हीसुद्धा नोंदच आहे, पण ती पाहणाऱ्याची. तिला चित्रकाराच्या तोंडी घालायचं नाही.

इतिहासात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. त्यांचं १९७९ चं एक चित्र २०१३ मध्ये मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात २३.७ कोटी रुपयांना गेलं. ही किंमत २०१३ च्या बाजाराबद्दल सांगते. १९७९ मध्ये चित्रकाराच्या मनात काय होतं, याबद्दल नाही. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात मिसळल्या की निष्कर्ष डळमळतो.

तुमचा विषय कापसाची बोंडअळी असो की पूर्णेच्या खोऱ्यातलं खारं पाणी, रकाने हेच तीन. तिसरा रकाना खोडू नका, बरेचदा संशोधनाचा प्रश्न तिथूनच सुचतो. फक्त उत्तर लिहिताना पहिल्या दोन रकान्यांकडे बोट दाखवता आलं पाहिजे.